मदत हवी आहे: प्लांटेड टँकमधले मासे रोज सकाळी वर येऊन धापा टाकतायत

सुदामानगरकर
नमस्कार मंडळी, इंदूरहून घाईत लिहितोय. दोन फुटी टँक आहे, झाडं लावलेली आहेत. आठ-दहा दिवस झाले, रोज सकाळी उठून बघतो तर सगळे मासे वर, तोंड पाण्याला लावून धापा टाकतायत. दुपारपर्यंत आपोआप खाली जातात. परवा एक निऑन गेला, आज सकाळी अजून दोन. मेंटेनन्स नियमित आहे, दर रविवारी करतो, एकही रविवार चुकवलेला नाही. शिवाय काचेवर हिरवा थर येतोय आणि अमेझॉन स्वोर्डची पानं पिवळी पडून विरतायत. दुकानवाल्याने निळं औषध दिलं ते घातलं, काही फरक नाही. माझी मुलगी शाळेत जायच्या आधी रोज मासे मोजते, आज तिला टँकजवळ जाऊ दिलं नाही. प्लीज लवकर सांगा, पाण्यात काय टाकू?

पाणवेडा
आधी काहीच टाकू नका. टँक किती लिटरचा, मासे किती, फिल्टर कुठला, लाइट किती तास, पाणी नर्मदेचं की बोरिंगचं? आणि दर रविवारी मेंटेनन्स म्हणजे नेमकं काय काय करता ते सगळं लिहा.

रामबागी
काच हिरवी होत असेल तर एक सकर, म्हणजे शेवाळ खाणारा मासा, आणून सोडा, दोन दिवसांत काच लख्ख. माझ्याकडे चार वर्षांपासून आहे.

पाणवेडा
दादा, सकर फुटाच्या वर वाढतो, दोन फुटी टँकमध्ये त्याला वळायला जागा राहत नाही. मोठा झाला की शेवाळ कमी खातो आणि घाण भरपूर करतो. इथे मासे आधीच धापा टाकतायत, त्यात अजून एक भिडू कशाला? आणि मोठा झाला म्हणून कुणी तलावात नेऊन सोडतं, तो तर मोठाच गुन्हा आहे, तिथले आपले मासे संपतात.

रामबागी
मी तलावात सोडा असं कुठे म्हटलं? माझा अनुभव सांगितला.

वास्तुप्रेमी
टँक कुठल्या दिशेला आहे? ईशान्येला किंवा उत्तरेला हवा. आमच्याकडे दक्षिणेला होता तेव्हा एक मासा टिकत नव्हता, जागा बदलली आणि सगळं सुरळीत झालं.

सुदामानगरकर
दिशा वगैरे नंतर बघतो. 60 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरचा टँक, म्हणजे 54 लिटर. 12 निऑन होते, आता 9. चार मॉली, दोन कोरी. मागे लटकवायचा फिल्टर. लाइट सकाळी सातला लावतो, संध्याकाळी सहाला बंद. नर्मदा आमच्याकडे एक दिवस आड येते, पाणी तेच. रविवारी अर्धं पाणी काढतो, खडे सायफनने खालपर्यंत साफ करतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतो, मग नळाला पाइप लावून टँक भरतो. स्वच्छतेत काहीच कमी नाहीये.

पाणवेडा
सापडलं. तुम्ही दर रविवारी तुमचा फिल्टर मारताय. स्पंजमधला तो तपकिरी गाळ म्हणजे नुसती घाण नाही, त्यात जिवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट झाडं खातात. ही वसाहत नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन ती दर आठवड्याला कमी करतो, वर निळं औषध, म्हणजे मिथिलिन ब्लू, तेही जिवाणूंना आणि झाडांना वाईट. स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात बादलीत दोनदा पिळायचा, बस. महिन्यातून एकदा पुरे.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून लिहितोय. पाणी बदलायची गरजच नाही हो. माझ्या टँकमध्ये खाली माती, वर खडे, भरपूर व्हॅलिसनेरिया (लांब पात्यांचं पाणगवत), मासे मोजके. दीड वर्ष झालं, उडालेलं पाणी तेवढं भरतो. ह्या दर रविवारच्या उपद्व्यापानेच मासे मरतात.

पाणवेडा
तुमचं जमलं कारण मासे मोजके आहेत. पण उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात, आणि वरून बोरिंगचं जड पाणी भरत गेलात तर जडपणा चढतच जातो. काचेवर पांढरी रेघ येते की नाही? 25-30 टक्के पाणी आठवड्याला बदलणं हेच बरं.

लष्करवाला
रेघ येते, पण मासे मजेत आहेत. मॉलीला जड पाणी आवडतंच.

पाणवेडा
आणि निऑनला मऊ. धागा निऑनचा आहे.

रामबागी
नर्मदेच्या पाण्यावरून आठवलं, आमच्याकडे या आठवड्यात प्रेशरच नाही, कुणाकडे नीट येतंय का? नर्मदेकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर पाणी चढवून आणायचं आणि इथे गल्लीत दुसऱ्या मजल्यावर चढत नाही.

मनोरमागंज_मावशी
पाण्याच्या प्रेशरचं दुसऱ्या धाग्यात बोला रे. पाणवेडा, स्पंजचं तुझं सगळं खरं आहे पण एक गोष्ट सुटतेय. ते म्हणतायत दुपारपर्यंत मासे आपोआप खाली जातात. अमोनियाचा त्रास असता तर दिवसभर राहिला असता. नळाच्या क्लोरीनचा असता तर रविवारी पाणी भरल्या भरल्या दिसला असता. हे रोज होतंय, फक्त सकाळी होतंय, आणि लाइट लागल्यावर काही तासांनी जातंय. म्हणजे गोष्ट रात्रीची आहे. दादा, रात्री फिल्टर चालू असतो का? आणि झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड देता का?

सुदामानगरकर
हो, बाटली आहे की. साखर आणि यीस्टची, व्हिडिओ बघून केली, झाडं लावलेल्या टँकला सगळेच लावतात म्हणून वेगळं लिहिलं नाही. दोन आठवडे झाले असतील लावून. आणि फिल्टर रात्री बंद करतो, आई हॉलमध्ये झोपते, पाणी पडल्याचा आवाज होतो, तिला झोप लागत नाही. पण रात्री झाडं असतातच ना ऑक्सिजन द्यायला?

मनोरमागंज_मावशी
नाही हो, इथेच सगळे फसतात. झाडं ऑक्सिजन देतात ती उजेडात. अंधारात ती माशांसारखीच ऑक्सिजन घेतात. त्यात तुमची बाटली रात्रभर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडत राहते, यीस्टला रात्र कळत नाही, आणि या उन्हाळ्यात तर ती जास्तच जोरात चालते. वर फिल्टर बंद, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही, आत साठलेला वायू बाहेर जात नाही आणि ऑक्सिजन आत येत नाही. पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी मावतो, 20 अंशाला लिटरमागे 9 मिलिग्रॅम तर 30 ला साधारण साडेसात. पहाटे सगळ्यात वाईट वेळ असते. बाटली आजच काढा, नळी पाण्यातून बाहेर घ्या. फिल्टर चोवीस तास चालू हवा, बंद ठेवला की आतलं पाणी शिळं होतं आणि उरलेले जिवाणूही गुदमरतात. आवाजाचं सोपं आहे, पाणी उडून पातळी खाली गेली की धार वरून पडते आणि खळखळ होते. पातळी फिल्टरच्या ओठापर्यंत भरून ठेवा, नुसतं ओघळेल, आईंना कळणारही नाही.

पाणवेडा
मावशी, मान्य. दुपारचा मुद्दा मी वाचूनही सोडला.

मनोरमागंज_मावशी
आणि आज लगेच चौथा हिस्सा पाणी बदला, निळं औषध कमी होईल. पाणी अँटिक्लोरीन घालूनच भरा. पूर्वी फोटो धुणाऱ्यांकडे हायपो मिळायचा, तेच ते रसायन. लाइट अकरा तास म्हणजे तुम्ही शेवाळच पोसताय, सहा-सात तासांवर आणा, टायमर लावा. स्वोर्ड लावून किती दिवस झाले?

सुदामानगरकर
महिना-सव्वा महिना. मधे नवीन पानं येतायत, बारीक.

मनोरमागंज_मावशी
मग घाबरू नका. नर्सरीत ती बरेचदा पाण्याबाहेर वाढवतात, ती जुनी पानं पाण्यात आली की विरतातच, नवीन पानं बघा. विरलेली बुडातून कापून टाका, सडू देऊ नका. स्वोर्ड मुळांनी खातो, त्याच्या बुडाशी एक खताची गोळी खोचा आणि तिथे सायफन घालणं बंद करा, दर रविवारी तुम्ही त्याचं जेवण उपसताय.

वास्तुप्रेमी
तरी दिशा बघून घ्या एकदा, सांगायचं काम केलं.

सुदामानगरकर
दोन दिवसांनी लिहितोय. बाटली त्याच संध्याकाळी काढली, पातळी वर भरली, फिल्टर रात्रभर चालू. काल सकाळी दोन मॉली वर होत्या, आज एकही नाही. निऑन झाडांत फिरतायत. आईला विचारलं तर म्हणाली आवाज झालाच नाही. आज मुलीने मोजले, 9 निऑन, 4 मॉली, कोरी एकच म्हणाली, मग दुसरी लाकडामागे सापडली. मावशी, पाणवेडा, मनापासून आभार. काच अजून हिरवी आहे.

पाणवेडा
काच जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. लाइट कमी केलाय, दोन-तीन आठवड्यांत फरक पडेल.

रामबागी
ती बाटली आता वापरत नसाल तर मी घेऊन जाऊ का? मी फक्त दिवसाच चालू ठेवीन, रात्री नळीचा कॉक बंद करीन.

मनोरमागंज_मावशी
अजिबात नको. यीस्ट थांबत नाही, कॉक बंद केला तर बाटलीत दाब वाढून ती फुटते. रात्री नळी बाहेर काढून ठेवायची असेल तरच न्या.