मदत हवी आहे: म्हातारी गेली, आता दुसऱ्या कुत्र्याला कसं सावरू?

आमची म्हातारी कुत्री गेल्या महिन्यात गेली. शेल्टरमधून आणली तेव्हाच निम्मे दात पडलेले, डोळ्यात मोतीबिंदू, वय कोणालाच नक्की माहीत नाही. लोक म्हणायचे म्हातारं कुत्रं कशाला घेता, पण खरं सांगू का, पिल्लापेक्षा सोपी होती, चपला चावणं नाही की रात्रभर रडणं नाही, फक्त मऊ अंथरूण आणि शेजारी कोणीतरी पाहिजे. मग किडन्या गेल्या, रक्तातलं क्रिएटिनिन (किडन्या नीट चालत नसल्या की वाढतं ते) वाढत गेलं, कातडीखाली सलाइन देऊन बरेच दिवस काढले. शेवटी व्हेटनी डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन व्हेटचा, आजारी प्राण्याचं जगणं कितपत सुसह्य आहे ते मोजायचा स्केल भरायला लावला, म्हणजे वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले जास्त आहेत का, प्रत्येकाला 0 ते 10 मार्क (10 म्हणजे सगळ्यात चांगलं), बेरीज 35 च्या वर असेल तर ठीक धरतात. तिची खूपच खाली आली. तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवण्याच्या निर्णयाबद्दल मनात शंका नाही.

प्रश्न आमच्या दुसऱ्या कुत्र्याचा आहे. तो तिच्या अंथरुणावरून उठतच नाही, जेवण अर्धवट टाकतो, मधेच दारापाशी जाऊन हुंगत बसतो. रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. अंथरूण धुऊन टाकू की तिचा वास राहू देऊ? आणि परत एखादं म्हातारं कुत्रं आणायचं तर कधी? मला आणायचंय, पण त्याच्यावर लादल्यासारखं होईल का? ज्यांच्याकडे दोन होती आणि एक गेलं त्यांनी प्लीज सांगा. "कुत्रंच तर होतं" हे मात्र नको, ते घरी रोज ऐकतेय.