त्रैक्य म्हणजे नक्की काय? आपल्या दत्तासारखंच का?

कृष्णाकाठ_सांगली:
परवा मिरजेत मित्राच्या पोरीचा बाप्तिस्मा होता, आम्ही घरचे सगळे गेलेलो. पाद्रीसाहेब पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं म्हणत होते तर येताना बायको म्हणाली हे आपल्या दत्तासारखंच झालं की, तोंडं तीन आणि देव एक. आम्ही औदुंबरला जाणारी माणसं, मला पण पटलं. पण मित्र म्हणतो तसं नाही, आणि मग कसं ते त्यालाही सांगता येईना. तीन देव आहेत का एकच देव तीन रूपांत? आणि मरियाबाई यात येते का? भांडण लावायचं नाही, खरंच समजून घ्यायचंय.

अजिंक्यतारा_व्ह्यू:
सोपंय. पाणी, बर्फ, वाफ. पदार्थ एकच.

मिरज_जंक्शन:
भावा, हे संडे स्कूलला पण सांगतात पोरांना, पण चर्चच्या शिकवणीत नेमकं हेच बसत नाही. त्याचा अर्थ होतो देव आधी पिता होता, मग पुत्राचं सोंग घेतलं, मग आत्म्याचं. तिसऱ्या शतकात साबेलियस नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाचं म्हणणं साधारण असंच होतं आणि चर्चनं ते नाकारलं. येशूचा यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला तो प्रसंग वाचा. पुत्र पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि वरून पित्याची वाणी येतीय, तिघं एकाच वेळी. आणि गेथशेमाने बागेत येशू रात्री कळवळून प्रार्थना करतो ती कुणाला, स्वतःलाच का?

वहिनींच्या प्रश्नाचं म्हणाल तर ब्रह्मा-विष्णू-महेश म्हटलं की उत्पत्ती, पालन, संहार अशी कामं वाटलेली असतात. इथं खातेवाटप नाही. जग निर्माण करण्यात तिघंही आहेत, पुत्राचं तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच आहे. फरक आहे तो फक्त नात्याचा. पिता कुणापासून आलेला नाही, पुत्र पित्यापासून, आत्मा पित्यापासून (आणि पुत्रापासूनही का, यावर रोमचं आणि पूर्वेकडचं चर्च हजारभर वर्षं भांडतंय, ते राहू दे). पण पुत्र म्हणजे बापानंतर जन्मलेलं पोर असं नाही धरायचं, तो नव्हता असा काळच नाही.

मला स्वतःला कुठं पटलं सांगू का, बायबल म्हणतं देव प्रीती आहे. मग जग, माणसं, देवदूत काहीच नव्हतं तेव्हा प्रीती कुणावर होती? देव एकटाच असता तर प्रेम करायला त्याला आपली गरज लागली असती. त्रैक्यात ती लागत नाही, पित्याची पुत्रावर प्रीती आधीपासूनच आहे. आपल्याला निर्माण केलं ते नड म्हणून नाही, तर आहे त्यात सामील करून घ्यायला.

स्पष्टवक्ता_कराड:
छान आहे पण हे सगळं ३२५ साली रोमच्या कॉन्स्टंटाइन राजानं निकेयाला बिशप गोळा करून ठरवलं. राजकारण हो, दुसरं काय.

वाईकर_मास्तर:
परिषद राजानं बोलावली हे खरं. पण वाद तिच्या आधीचा. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणायचा पुत्र थोर आहे पण निर्माण केलेला आहे. निकेयात ठरलं की नाही, पुत्र पित्याच्याच सत्त्वाचा. आता गंमत बघा, त्याच कॉन्स्टंटाइनला ३३७ साली मरायच्या आधी बाप्तिस्मा दिला तो आरियसकडं झुकलेल्या बिशपनं, आणि त्याचा पोरगा कॉन्स्टँटियस तर निकेयाच्या उघड विरोधात. निकेयाची बाजू लावून धरणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनासियसला ५ वेळा हद्दपार केलं. नुसत्या राजाच्या मर्जीवर असतं तर ती बाजू तिथंच संपली असती. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याबद्दलचं नीट मांडलं गेलं तेव्हा मात्र सम्राट थिओडोसियस निकेयाच्या बाजूचा होता, तेवढं तुमचं मान्य.

आणि एवढं भांडायचं कारण? अथनासियसचा मुद्दा असा की ख्रिस्त स्वतःच निर्माण केलेला असेल तर तो माणसाला देवाशी जोडणार कसा, तो पण आपल्याच काठावरचा झाला.

ज्यांना हिंदू अंगानं बघायचंय त्यांनी बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय बघा, त्यांनी १८९८ साली त्रैक्यावर संस्कृत स्तोत्र लिहिलं, 'वंदे सच्चिदानंदम्'. सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पुत्र, आनंद म्हणजे आत्मा. मला दत्तापेक्षा हे जवळचं वाटतं, सगळ्या ख्रिस्ती लोकांना पटेलच असं नाही.

कृष्णाकाठ_सांगली:
बरंच डोक्यात शिरलं, थोडं वरून गेलं 😅 मग प्रार्थना कुणाला करता तुम्ही? आणि मरियाबाईचं राहिलंच.

मिरज_जंक्शन:
बहुतेक वेळा पित्याला, येशूच्या नावानं, आत्म्याच्या मदतीनं. थेट येशूला हाक मारतात ते पण चालतं. मरिया त्रैक्यात नाही, ती माणूसच. कॅथलिक लोक तिला आमच्यासाठी विनंती कर म्हणतात, आम्ही प्रोटेस्टंट तेही म्हणत नाही.