पणजोबांच्या इंग्रजी भाडेपट्ट्यातील काही जुन्या शब्दांचे अर्थ हवे आहेत

दारव्हेकर यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आहे. घरातील जुनी कागदपत्रे लावताना 1931 सालचा एक इंग्रजी दस्त हाती आला. तालुक्याच्या गावी आमचे पणजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ यांची सामाईक जागा होती व ती त्या काळच्या एका जिनिंग फॅक्टरीला भाड्याने दिली होती, एवढे वडीलधाऱ्यांकडून ऐकून ठाऊक आहे. दस्त टंकलिखित असल्यामुळे वाचता येतो, पण अर्थ लागत नाही. ‘इंडेंचर’, ‘मेसुएज’, ‘हेरेडिटमेंट्स’, ‘अपर्टनन्सेस’ आणि ‘मोइटी’ हे शब्द मी कधी ऐकलेलेच नाहीत.

त्याहून मोठा गोंधळ निराळाच आहे. दस्तात ‘डिमाइज’ हा शब्द वारंवार येतो आणि धाकट्या भावाने मोबाइलवरील कोशात पाहिले तर त्याचा अर्थ ‘मृत्यू’ असा निघाला. पणजोबा तर 1931 नंतर बरीच वर्षे हयात होते, मग दस्तात कोणाचा मृत्यू लिहिला आहे? ‘बाय दीज प्रेझेंट्स’ असेही लिहिले आहे, म्हणजे काही भेटवस्तू दिल्या होत्या काय? ‘विदाउट एनी लेट ऑर हिंड्रन्स’ यातील ‘लेट’ कशासाठी आहे?

सोबत 12 मार्च 1931 चे एक पत्र टाचलेले आहे. त्यात ‘युवर लेटर ऑफ द नाइन्थ अल्टिमो’ आणि ‘ऑन द ट्वेंटिएथ इन्स्टंट’ असा मजकूर असून हिशेबाच्या एका कागदावर कापसापुढे ‘कँडी’ असे लिहिले आहे. जागेच्या हक्काचा आता कोणताही वाद नाही. पूर्वजांनी कशावर सही केली होती, एवढेच समजून घ्यावे म्हणून विचारतो आहे.

जुना अर्जीनवीस

भाऊ, आधी मृत्यूची काळजी दूर करतो. आपल्या दस्तात कोणीही मेलेले नाही. तहसील कचेरीपुढे बसून दस्त लिहिण्यात माझे आयुष्य गेले आणि त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो की, अशा कागदात अनोळखी शब्द फारसा त्रास देत नाही, कारण तो आपण होऊन कोशात शोधतो. घात करतो तो ओळखीचा वाटणारा शब्द. आपल्या यादीतील ‘डिमाइज’, ‘प्रेझेंट्स’, ‘लेट’ आणि ‘इन्स्टंट’ हे चारही त्याच जातीचे आहेत.

‘डिमाइज’ म्हणजे मिळकत पट्ट्याने देणे. जुन्या फ्रेंचमधील ‘सोपवणे, सोडून देणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द इंग्रजी कायद्यात आला. राजा वारला की त्याचे राज्यपद आपोआप वारसाकडे जाते, म्हणून त्या हस्तांतरणालाही ‘डिमाइज’ म्हणू लागले. आणि ते मृत्यूच्या वेळीच होत असल्यामुळे हळूहळू हा शब्द मृत्यूलाच चिकटला. म्हणजे कायद्याचा अर्थ आधीचा आणि आपल्या भावाला मोबाइलवर सापडलेला अर्थ नंतरचा आहे.

‘प्रेझेंट्स’ म्हणजे भेटी नव्हेत. ‘प्रस्तुत लेख’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगाचे हे शब्दशः इंग्रजी आहे, म्हणून ‘बाय दीज प्रेझेंट्स’ म्हणजे ‘या लेखाने’. आपल्याकडे दस्ताच्या आरंभी ‘कारणे लिहून देतो ऐसा जे’ असे लिहीत असत, त्याच जागी ते बसते.

‘लेट’ची गंमत सर्वांत मोठी आहे. जुन्या इंग्रजीत दोन निरनिराळी क्रियापदे होती. त्यांपैकी एकाचा अर्थ ‘देणे, मोकळीक देणे’ आणि दुसऱ्याचा नेमका उलटा, म्हणजे ‘अडवणे’ असा होता. काळाच्या ओघात दोन्हींचे स्पेलिंग एकच झाले. अडवणारा ‘लेट’ पुढे बोलण्यातून गेला, पण दस्तात राहिला आणि टेनिसमध्येही राहिला. तिथे सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडच्या योग्य चौकोनात पडला की पंच ‘लेट’ म्हणतो तो हाच. आपला दस्त पुन्हा पाहा. ‘डिमाइज अँड लेट’ असे कुठे असेल तर तिथे ‘पट्ट्याने देतो’ असा अर्थ घ्यावा आणि ‘लेट ऑर हिंड्रन्स’ असे असेल तिथे ‘अडथळा किंवा हरकत’ असा घ्यावा. ‘एन्जॉय’ हा शब्दही नक्कीच सापडेल. त्याचा मौजमजेशी संबंध नसून त्याचा अर्थ वहिवाट किंवा उपभोग असा आहे.

मेहकरचा मास्तर

अर्जीनवीस काकांनी मुख्य गाठ सोडवली आहे, म्हणून मी उरलेल्या शब्दांकडे वळतो.

‘इंडेंचर’ या शब्दात दात आहेत. पूर्वी एकाच चर्मपत्रावर करार दोनदा लिहीत आणि मधून तो सरळ न कापता दातेरी, नागमोडी कापत. एकेक तुकडा प्रत्येक पक्षाकडे राही आणि वाद उद्भवला की दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहत. दाते जुळले तर दस्त खरा. ‘दात’ या अर्थाचा लॅटिन शब्द आणि आपला ‘दंत’ हे एकाच कुळातील आहेत, म्हणून हा शब्द मला परका वाटतच नाही. 1931 साली दस्त टंकलिखित होऊ लागले होते आणि कोणी तसे कापत नव्हते, तरी नाव मात्र टिकून राहिले.

‘मेसुएज’चा उच्चार ‘मेस्विज’ असा करतात. राहते घर, त्याचे अंगण, कोठा, परसबाग आणि लगतची जागा असे सगळे मिळून त्या शब्दात येते, त्यामुळे नुसता ‘घर’ हा अर्थ अपुरा पडतो; आपल्याकडचा ‘वाडा’ त्याला अधिक जवळचा आहे. जुन्या हस्ताक्षरात ‘एन’ आणि ‘यू’ ही अक्षरे सारखीच दिसत आणि एका फ्रेंच शब्दातील ‘एन’चा ‘यू’ वाचला जाऊन हा शब्द तयार झाला असावा, असे कोशकार मानतात. ‘हेरेडिटमेंट्स’ म्हणजे वारसाहक्काने जाऊ शकणारी मिळकत. ‘अपर्टनन्सेस’ म्हणजे मिळकतीसोबत आपोआप येणाऱ्या गोष्टी, जसे की विहिरीचे पाणी, जाण्यायेण्याची वाट आणि सांडपाण्याची नाली. ‘मोइटी’ म्हणजे अर्धा हिस्सा. जागा दोन चुलतभावांत सामाईक असल्यामुळे तो शब्द आपल्या दस्तात येणे अगदी साहजिक आहे.

एवढे शब्द एकापुढे एक का रचले, असा प्रश्न कोणालाही पडेल. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच, प्रजेची इंग्रजी आणि लेखनाची बहुधा लॅटिन अशी स्थिती झाली. त्या काळापासून एकाच गोष्टीसाठी दोन भाषांतील दोन शब्द जोडीने लिहिण्याची सवय कायद्यात मुरली. ‘गुड्स अँड चॅटल्स’ या जोडीतील पहिला शब्द इंग्रजी आणि दुसरा फ्रेंच आहे. ‘विल अँड टेस्टमेंट’ ही जोडीही तशीच. आपण हे हसण्यावारी नेऊ नये, कारण दारव्हेकर यांनी स्वतःच्या प्रश्नात लिहिलेला ‘कागदपत्रे’ हा शब्दही त्याच घडणीचा आहे. त्यातील कागद फारसीच्या वाटेने आलेला असून पत्र संस्कृत आहे. ‘बाजारहाट’मध्येही तोच प्रकार. शिवाय ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ असे लिहिणाऱ्या आपल्या जुन्या दस्तांनी ‘हेरेडिटमेंट्स अँड अपर्टनन्सेस’ला हसावे, अशी परिस्थिती नाही.

जाता जाता, ‘चॅटल’ म्हणजे जंगम मालमत्ता आणि ‘कॅटल’ म्हणजे गुरेढोरे हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत. ‘फी’ या शब्दाच्या मुळाशीही जुन्या इंग्रजीतील गुरे हाच अर्थ असल्याचे मानतात आणि तो शब्द संस्कृत ‘पशु’चा नातेवाईक ठरतो. बैलजोडीवरून माणसाची ऐपत ठरवण्याची रीत केवळ वऱ्हाडातली नाही, हे सांगण्याचा मोह आवरला नाही.

रेचा आणि गठाण

मी जिनिंगमध्ये हिशेबनीस होतो, त्यामुळे पत्र आणि ‘कँडी’ हे माझ्या वाट्याचे समजतो.

व्यापारी पत्रव्यवहारात ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्टिमो’ म्हणजे मागील महिना आणि ‘प्रॉक्सिमो’ म्हणजे पुढील महिना. आपले पत्र 12 मार्चचे आहे, म्हणून ‘नाइन्थ अल्टिमो’ म्हणजे 9 फेब्रुवारी आणि ‘ट्वेंटिएथ इन्स्टंट’ म्हणजे 20 मार्च. त्यात तातडीचा काहीही संबंध नाही. पत्रात किंवा दस्तात ‘फोर्टनाइट’ची नोटीस असेल तर ती पंधरवडा समजू नये. तो शब्द ‘चौदा रात्री’ यांचा संक्षेप असल्यामुळे मुदत चौदा दिवसांचीच धरावी लागते. एका दिवसाच्या फरकावरून तंटे झालेले मी पाहिले आहेत.

‘कँडी’ ही आपली खंडीच आहे. इंग्रजांनी ती उचलून आपल्या तोंडाप्रमाणे वळवली. मुंबईच्या रुई बाजारात खंडी 784 पौंडांची होती आणि 392 पौंडांच्या दोन गठाणी मिळून ती भरत असे. रुईचा भाव आजही खंडीवर बोलला जातो आणि ती सुमारे 356 किलोंची धरतात, म्हणजे तेच 784 पौंड. धान्याची खंडी मात्र गावोगाव निराळी असे, म्हणून हा आकडा तुरीला किंवा धानाला लावू नये. खाण्याच्या कँडीचे मूळही अरबीमार्गे संस्कृत ‘खंड’पर्यंत, म्हणजे साखरेच्या खड्यापर्यंत पोहोचते. ‘जिन’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला आपण रेचा म्हणतो, इंग्रजीत त्याला ‘जिन’ म्हणतात आणि ते ‘इंजिन’चेच आखूड रूप आहे.

दारव्हेकर

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे पाहिले तर दोन्ही ‘लेट’ एकाच पानावर सापडले. आणखी दोन शब्द विचारतो. जागा रेल्वे स्टेशनपासून ‘टू फर्लाँग्ज’ असल्याचे लिहिले आहे, तर ते अंतर किती? आणि ‘हेअर्स, एक्झिक्युटर्स, अडमिनिस्ट्रेटर्स अँड असाइन्स’ यातील ‘असाइन्स’ कोण? त्याच पानाचा खालचा कोपरा वाळवीने खाल्ल्यामुळे पुढचे वाक्य तुटले आहे.

रेचा आणि गठाण

फर्लाँग म्हणजे नांगराच्या एका तासाची, म्हणजे सरीची, लांबी, शब्दशः तोच अर्थ. एक फर्लाँग 220 यार्डांचा, म्हणजे साधारण 201 मीटर. दोन फर्लाँग 400 मीटरहून किंचित अधिक. शकुंतलेचे, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद रेल्वेमार्गाचे, स्टेशन धरून नकाशावर मोजून पाहावे. एक फर्लाँग लांब आणि 22 यार्ड रुंद पट्टा म्हणजे एक एकर, 4840 चौरस यार्ड. त्याचे चाळीस भाग केले की 33 फूट लांब-रुंद असा आपला गुंठा येतो. वावराचे मोजमाप आपण रोज ज्या शब्दांत करतो, ते असे एकमेकांत बसवलेले आहे.

जुना अर्जीनवीस

‘असाइन्स’ म्हणजे ज्यांच्या नावे हक्क पुढे करून दिला जाईल असे लोक. वारस रक्ताने येतात, तर हे लेखाने येतात. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला तेव्हा त्याला ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे नाव पडले, त्यातही हेच क्रियापद आहे. पुढे 1902 मध्ये तोच मुलूख वर्षाला 25 लाख रुपयांवर इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने मिळाला. म्हणजे आपल्या पणजोबांनी 1931 साली जागा पट्ट्याने दिली, ती पट्ट्यानेच दिलेल्या प्रांतात.

तुटलेल्या वाक्यासाठी अंदाज बांधत बसू नका. पट्टा एक वर्षाहून अधिक मुदतीचा असेल तर 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी आवश्यक होती. स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक क्रमांक 1 मध्ये उतरवलेले असतात आणि त्या कायद्याच्या कलम 57 प्रमाणे ते फी भरून कोणालाही पाहता येते. दस्ताच्या मागील बाजूस नोंदणीचा शिक्का, अनुक्रमांक व तारीख असेल, ती टिपून दुय्यम निबंधक कार्यालयात नकलेसाठी अर्ज करावा. नक्कल मिळाल्यावर ते वाक्य इथे उतरवून द्या, म्हणजे त्याचाही अर्थ लावता येईल.