कर्करोग संशोधनाकडे जाणारी वाट

प्रश्न (सांगली): माझी मुलगी बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून तिला कर्करोगाच्या रेणवीय जीवशास्त्रात संशोधन करायचे आहे. पुढे काय करावे?

उत्तर १ (सातारा): ताई, एम.एस्सी.नंतर ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवून खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’सारख्या (टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था) संस्थेत पीएच.डी. करता येते, मात्र त्यात पाच-सहा वर्षे सहज जातात, आणि हे घरच्यांनी आधीच मान्य केलेले बरे.

उत्तर २ (मिरज): कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांची कारकीर्द तिला जरूर वाचायला द्या. पुण्यात जन्मलेल्या रणदिवे यांनी विकृतिशास्त्रज्ञ डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली, अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे काम केले आणि परतल्यावर मुंबईत ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. परदेशातली संधी सोडून परतणे त्या काळी सोपे नसावे.

उत्तर ३ (कराड): पदवीपेक्षा चिकाटी मोठी. प्रयोगशाळेत पेशी ३७ अंश सेल्सिअसला वाढवताना त्यांचे गुलाबी माध्यम (पोषक द्रव) आम्लता वाढून पिवळे पडू लागले की रविवार असो वा दिवाळी, ते बदलावेच लागते. बुरशी शिरली, तर सगळे फेकून पुन्हा श्रीगणेशा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला एखाद्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करू द्या, मग ठरवा.