मदत हवी आहे: टायटॅनियमवर अ‍ॅपटाइट बसत नाही, बाटलीच पांढरी होते

बाळीवेस_रसायन: टायटॅनियमच्या चकत्यांवर एसबीएफमधून (रक्तद्रवासारखं क्षारांचं द्रावण) अ‍ॅपटाइट, म्हणजे हाडातलं कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज, चढवतेय. दोनदा केलं. दुसऱ्या दिवशी द्रावण दुधासारखं, चकतीवरचा थर बोट लावलं की निघतो. शुक्रवारी सरांना दाखवायचंय, पटकन सांगा की ओ.

होटगीकर: अल्कली किती मोलर, किती वेळ? भट्टी किती अंशांवर? क्षार कुठल्या क्रमानं घातले? भांडं कशाचं? चकती उभी की आडवी?

बाळीवेस_रसायन: सोडियम हायड्रॉक्साइड ५ मोलर, ६० अंश, २४ तास. भट्टी नाही, वेळ नव्हता. क्षार सगळे एकदम, मग ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं बफर). काचेचा बीकर. चकती तळाला आडवी.

फवारा४५: कशाला एवढा खटाटोप? प्लाझ्मा स्प्रे (अतितप्त वायूच्या झोतातून पूड फवारणं) करून घ्या. खुब्याच्या सांध्याच्या दांड्यावर तेच वापरतात.

होटगीकर: स्प्रे समोर दिसेल तेवढ्याच पृष्ठभागावर बसतो, छिद्रांच्या आत जात नाही. त्या उष्णतेत काही अ‍ॅपटाइटचं विघटनही होतं.

ताई, तुमचा थर म्हणजे वरून बसलेला साका आहे. चकती उभी ठेवा. १ लिटरसाठी ७०० मिली डिस्टिल्ड पाणी प्लास्टिकच्या भांड्यात ३६.५ अंशांवर घ्या. क्रम असा: मीठ ८.०३५ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ०.३५५, पोटॅशियम क्लोराइड ०.२२५, डायपोटॅशियम फॉस्फेट ट्रायहायड्रेट ०.२३१, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ०.३११. मग १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ३९ मिली, त्यानंतरच कॅल्शियम क्लोराइड ०.२९२, शेवटी सोडियम सल्फेट ०.०७२. आम्लाआधी कॅल्शियम पडलं की फॉस्फेटशी जुळून साका होतो. ट्रिस ६.११८ ग्रॅम चिमूटचिमूट घाला, पीएच ७.४५च्या वर जाऊ देऊ नका. शेवटी आम्लाच्या थेंबांनी ७.४०वर आणून १ लिटर करा.

सातरस्ता: काचेत काही होत नाही हो, उगाच घाबरवू नका.

होटगीकर: काचेवरच्या ओरखड्यांवर अ‍ॅपटाइटची बीजं धरतात. गरम अल्कली तर काचच खाते.

जुळे_सोलापूर: आईचा गुडघा बदलायचाय. कोटिंगवाला घ्यावा की सिमेंटचा?

होटगीकर: हाडाची घनता पाहून सर्जनच ठरवतील. वेगळा धागा काढा.

सातरस्ता: पीएच कुठल्या तापमानाला मोजला? एसीत २५ अंशांवर ७.४० केला असेल, तर ३६.५ला तो ७.१च्या आसपास उतरतो. ट्रिसचा स्वभावच तो.

बाळीवेस_रसायन: हो, एसीतच! आणि चकत्या नळाच्या पाण्यानं धुतल्या.

होटगीकर: उजनीच्या पाण्यातले क्षार अल्कलीनं चकतीवर झालेल्या सच्छिद्र थरात अडकणार. डिस्टिल्डनंच धुवा, ४० अंशांवर वाळवा, मग मिनिटाला ५ अंश चढवत ६०० अंश, १ तास. भट्टीविना तो थर ठिसूळच राहतो. ८००ला नेऊ नका, दाट रुटाइल (टायटॅनियम ऑक्साइडचे स्फटिक) होऊन अ‍ॅपटाइट धरत नाही. १० मिमी व्यासाच्या, २ मिमी जाड चकतीला २२ मिली एसबीएफ पुरेल. शुक्रवारी थराची आशा धरू नका. नितळ द्रावण आणि भाजलेली चकती दाखवा.

बाळीवेस_रसायन: चकत्या आजच भट्टीत लावते. एसबीएफ फ्रिजमध्ये किती दिवस टिकतं?

होटगीकर: ५ ते १० अंशांवर ३० दिवस. थोडं जरी गढूळलं तरी ओतून द्या.