‘देवाला संतोषविणे’ : नेमका अर्थ काय?

प्रश्न : चर्चमधल्या मराठीत ‘देवाला संतोषविणारे जीवन’ हा प्रयोग सतत कानी पडतो. एरवी आपण ‘संतोष झाला’, ‘संतुष्ट आहे’ म्हणतो; ‘संतोषविले’ कुणी म्हणत नाही. हे देवाला खूश करणं, म्हणजे नवस-सायासासारखंच का? की ख्रिस्ती वापरात अर्थ वेगळा आहे?

प्रतिसाद १ : धातू ‘तुष्’. त्याच घरातले तोष, संतुष्ट, आशुतोष आणि पारितोषिकसुद्धा. ‘संतोषणे’चं प्रयोजक रूप ‘संतोषविणे’. शब्द मिशनऱ्यांनी घडवलेला नाही. पसायदान आठवा : ‘आतां विश्वात्मकें देवें, येणें वाग्यज्ञें तोषावें’. फक्त तिथे पुढे लगेच ‘तोषोनि मज द्यावें’ येतं, म्हणजे तोषण्यापाठोपाठ मागणं आहे.

प्रतिसाद २ : नवसाची शंका रास्त आहे, पण बायबलातच तिला उत्तर आहे. मीखा या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात माणूस विचारतो, हजारो एडके दिले, तेलाच्या नद्या वाहवल्या, तर परमेश्वर संतुष्ट होईल का? पोटचा पोर देऊ का, इथपर्यंत त्याची बोली चढते. पुढच्याच वचनात उत्तर येतं : न्यायाने वाग, दयेची आवड धर आणि आपल्या देवाबरोबर नम्रपणे चाल. सौदा तिथेच मोडला.

या ‘चालण्या’कडे नीट पाहा. उत्पत्ती या बायबलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आदामाचा वंशज हनोख ‘देवाबरोबर चालला’, असं आहे. अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांनी इ.स.पू. तिसऱ्या शतकात तोरेचं, म्हणजे बायबलातल्या पहिल्या पाच पुस्तकांचं, ग्रीक भाषांतर केलं, त्यात याच जागी ‘हनोखाने देवाला संतोषविले’ असं केलं. नोहा आणि अब्राहाम यांच्या बाबतीतही तसंच. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा लेखक ग्रीक पाठावरून लिहीत होता; म्हणून अकराव्या अध्यायात हनोखाने ‘देवाला संतोषविले’ आणि लगेच ‘विश्वासावाचून त्याला संतोषवणे अशक्य’. म्हणजे मूळ हिब्रूत तिथे खूश करणं नाहीच, सोबत चालणं आहे.

प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (४:१) मूळ ग्रीक मजकूर शब्दशः ‘कसं चालावं आणि देवाला संतोषवावं’ असा आहे. मराठीत तिथे ‘वागणे’ येतं. आपल्याकडे चालरीत, चालचलन हे शब्द आहेतच, त्यामुळे काही बिघडलं नाही.

प्रतिसाद ३ : हे सगळं ठीक, पण आमच्या मंडळीत याचा अर्थ ‘दारू सोडा, उपासना चुकवू नका’ इतकाच लावतात.

प्रतिसाद २ : दारू सोडलेली कुणाच्याही घराला बरीच! पण यादी तेवढीच ठेवली, तर इब्री १३:१६ बाहेर राहतं. चांगलं करणं आणि आपल्यातलं दुसऱ्याला देणं विसरू नका, अशा यज्ञांनी देवाला संतोष होतो, असं तिथे आहे. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात उलट बाजू आहे : माणसांना संतोषविणाऱ्यांची ‘तोंडदेखली चाकरी’. साहेब आला की फाइल उघडायची, गेला की मोबाइल. मराठी भाषांतरात इतका चपखल शब्द क्वचित सापडतो. ते वचन दासांना उद्देशून आहे, हे मात्र विसरू नये. मालकांच्या सोयीसाठी ते पुष्कळदा वापरलं गेलंय. तीनच वचनं पुढे धन्यांनाही बजावलंय की धमकावणं सोडा, तुमचा आणि त्यांचा धनी स्वर्गात एकच आहे.

प्रतिसाद १ : रोमकरांस १२:१ मध्ये ‘देवाला ग्रहणीय’ असा जिवंत यज्ञ आहे. ग्रीक विशेषण त्याच ‘संतोषविणे’च्या कुळातलं. ‘ग्रहणीय’ मला कोरडा वाटतो, अर्ज मंजूर झाल्यासारखा. ‘देवाला आवडणारा’ चाललं असतं.

प्रश्नकर्ता : आभार. मग लिहिताना ‘संतोषवणे’ की ‘संतोषविणे’?

प्रतिसाद १ : दोन्ही चालतात. ‘-विणे’ जुन्या वळणाचं. एका लेखात एकच ठेवा. वरच्या उत्तरांत तसं राहिलेलं नाही, कारण अवतरण जसंच्या तसं उतरवलंय.

प्रतिसाद २ : अवतरण माझं होतं.