मदत हवी आहे : आईला घेऊन डॅन्यूबकाठच्या श्पिट्सला, मुक्काम करावा का?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये आईला घेऊन व्हिएन्नाला जातोय. ती ७१ वर्षांची आहे. सपाटीवर अर्धा तास आरामात चालते, चढ मात्र गुडघ्यांना झेपत नाही. तिथून जवळच्या, डॅन्यूबच्या वाखाउ खोऱ्यात सगळे मेल्क गाव ते क्रेम्स गाव बोटीने जाऊन त्याच दिवशी परततात. मला मधल्या श्पिट्सला उतरून एक रात्र राहायचंय.

कारण तिथली तर, म्हणजे नदी ओलांडायची नाव. श्पिट्स आणि पलीकडचं आर्न्सडॉर्फ यांच्यामध्ये नदीवर आडवी तार बांधली आहे आणि नाव त्या तारेला जोडलेली असते. इंजिन नाही. नावाडी नाव प्रवाहाला तिरकी धरतो आणि पाण्याचा रेटाच तिला पलीकडे ढकलतो, गाड्यांसकट! आईचं माहेर कृष्णाकाठचं. शाळेला ती रोज तरीनेच जायची. तिला व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, "अरे, आमचा तरवाला पण दोराला धरूनच नाव ओढायचा." मग तो व्हिडिओ तिने चार वेळा पाहिला. तेव्हाच मी ठरवलं, हिला त्या नावेत बसवायचंच.

आता शंका :

व्हिएन्नाहून क्रेम्सपर्यंत रेल्वे आणि पुढे बस, असं ठरवतोय. खोऱ्यातली छोटी रेल्वे ठरावीक हंगामातच धावते, म्हणून तिच्यावर विसंबून नाही. बसमध्ये दोन बॅगा घेऊन चढताना त्रास होतो का? थांब्यापासून तरीचा धक्का आईच्या चालीने किती लांब पडेल? नदीला पाणी वाढलं की तर बंद ठेवतात का, आणि ते आदल्या दिवशी कळतं का?

गावामागे द्राक्षमळ्यांचा डोंगर आहे, हजार बादल्यांचा डोंगर म्हणतात त्याला. पीक चांगलं आलं की तेवढी वाइन निघते म्हणून. तो आम्ही खालूनच बघू. विलेनडॉर्फही जवळच आहे. १९०८ साली तिथे सापडलेली ११ सेंटिमीटरची अश्मयुगीन मूर्ती, 'विलेनडॉर्फची व्हीनस', व्हिएन्नाच्या संग्रहालयात बघणारच आहोत, त्यामुळे तिकडे वेगळं जायची गरज वाटत नाही. चुकतोय का?

शेवटचं, जेवण. आई अंडंही खात नाही. जर्दाळू भरून उकडलेले ते गोळे, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा, बघूनच तिला उकडीच्या मोदकांची आठवण झाली. पण पिठात अंडं असतं असं वाचलं. बिनअंड्याचे कुठे मिळतात का? नाहीतर स्वयंपाकघर असलेली खोली बघतो, तांदूळ-डाळ सोबत आहेच.

वयस्कर आईवडिलांना घेऊन तिथे राहिलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. तिकिटं या रविवारी काढायची आहेत.